रेषाळ सुतारपक्षी: प्रसार आणि प्रादेशिक फरक

शास्त्रीय नाव ड्रायोकोपस लिनिएटस. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत सापडतो, शिवाय त्रिनिदादमध्ये आहे पण शेजारच्या टोबॅगोत नाही, चिलीतही नाही. गच्च रानापेक्षा रानाच्या कडा, नदीकाठ, मळ्यात उरलेली मोठी झाडं असं काहीही याला चालतं.

पहिलं शास्त्रीय वर्णन स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसचं, १७६६ चं, त्यासाठीचा नमुना पक्षी फ्रेंच गयानातल्या केयेनचा. वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कुठला यावर मात्र अजून एकमत नाही. पक्ष्यांच्या काही याद्या अमेरिकेतल्या या गटाला हायलाटोमस म्हणून वेगळं काढतात, तसं केलं की गोव्यात नि दक्षिण सह्याद्रीत दिसणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या मोठ्या काळ्या सुताराशी याचा वंश एक राहत नाही. बाकीच्या याद्या ड्रायोकोपसच ठेवतात आणि सध्या तेच सोयीचं वाटतं.

उपजाती साधारण पाच मानतात, जुन्या याद्यांत जास्त होत्या. जातीचंच नाव असलेली मूळ उपजात म्हणजे लिनिएटस, कोस्टारिकापासून ब्राझीलपर्यंत, चोच काळपट. मेक्सिकोच्या पूर्व उतारावरून कोस्टारिकाच्या वायव्येपर्यंत सिमिलिस, याची चोच फिकट हस्तिदंती, आणि पश्चिम मेक्सिकोतल्या स्कॅप्युलारिसची चोचही तशीच पण गालावरची पांढरी रेघ जवळपास गायब. इक्वाडोरचा पश्चिम भाग नि पेरूचा वायव्य कोपरा इथला फुस्किपेनिस लहान आणि तपकिरी. खरा घोळ एरिथ्रॉप्सचा आहे, आग्नेय ब्राझील, पूर्व पॅराग्वे, ईशान्य अर्जेंटिना या पट्ट्यात काहींच्या खांद्यावर पांढरे पट्टे असतात, काहींच्या नसतात, त्यामुळे नुसत्या पट्ट्यावरून उपजात ठरवणं धोक्याचं. त्यात तिथेच हेल्मेटधारी सुतारही राहतो, तोही असाच दिसतो म्हणून कित्येक वर्षं याच वंशात बसवला होता, २०१५ मध्ये डीएनएवरून कळलं की तो सेलिअस या सुतारांच्या दुसऱ्याच वंशातला.

कॅम्पेफिलस वंशातल्या सुतारांशीही गल्लत होते, पण त्यांच्या पाठीवरच्या रेघा खाली येऊन मिळतात, याच्या सुट्या राहतात. मध्य अमेरिकेत फिकट चोचीचा कॅम्पेफिलस दोनदा ठोकून थांबतो, हा लांब ठोकत राहतो. नराचं कपाळ लाल, मादीचं काळं, तुरा दोघांचाही लाल.

खाणं मुख्यतः मुंग्या, सेक्रोपिया झाडाच्या पोकळ फांद्या फोडून आतल्या अ‍ॅझ्टेका मुंग्याही काढतो.