वस्तूंमागचा माणूस : विद्यार्थी चित्रपटातील नेपथ्याची पार्श्वभूमी

विद्यार्थी चित्रपट बहुधा दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि पात्राची ओळख करून द्यायला त्यात फार थोडा अवकाश मिळतो. ही ओळख संवादांतून करून द्यायला जावे, तर पात्रे स्वतःविषयीच माहिती सांगत बसतात. म्हणून हे काम खोलीने, भिंतींनी आणि हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंनी करावे, अशी आज सर्वसाधारण अपेक्षा असते. नेपथ्याकडे असे पाहण्याची सवय मात्र आपल्याकडे हळूहळू लागली. ‘ही जागा कोणती’ या प्रश्नापासून ‘ही वस्तू कोणाची’ या प्रश्नापर्यंत यायला रंगभूमीला आणि चित्रपटाला बराच काळ लागला, आणि विद्यार्थ्यांचे अनेक चित्रपट आजही पहिल्याच प्रश्नापाशी अडखळतात, असे माझे मत आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे, म्हणजे वेश, रंगभूषा आणि वस्तू यांतून होणाऱ्या अभिनयाचे, पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पुस्त म्हणजे रंगमंचावर दाखवायच्या वस्तूंच्या प्रतिकृती. त्या जोडून, यंत्राच्या साहाय्याने किंवा कापडाने वेढून करायच्या. वस्तू हलक्या असाव्यात, नटाला त्यांचा शीण होऊ नये, इतका व्यावहारिक विचारही तेथे आहे. वस्तूंवरून माणूस ओळखण्याचे फार जुने आणि सुंदर उदाहरण मात्र शूद्रकाच्या मृच्छकटिकात सापडते. तिसऱ्या अंकात शर्विलक चोरीसाठी चारुदत्ताच्या घरात शिरतो, तेव्हा त्याला मृदंग, पणव, वीणा, बासऱ्या आणि पुस्तके दिसतात. हे एखाद्या नाट्याचार्याचे घर तर नव्हे, असा प्रश्न त्याला पडतो. मग हा माणूस खरोखरच दरिद्री आहे की धन पुरून ठेवणारा, याचा तो विचार करू लागतो. रसिक, उदार आणि निर्धन झालेला चारुदत्त त्या वेळी झोपलेला आहे. त्याच्याविषयी जे कळते, ते त्याच्या सामानावरून.

आधुनिक मराठी रंगभूमीने ही दृष्टी लगेच उचलली नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीतास्वयंवर सादर केले, तेव्हा नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. १८८० नंतर किर्लोस्करांच्या संगीत नाटकांबरोबर रंगवलेल्या पडद्यांचे महत्त्व वाढत गेले. राजवाडा, रस्ता, अरण्य, बाग असे पडदे नाटक कंपन्यांकडे असत, आणि तोच राजवाडा या नाटकातल्या राजाला जसा चाले तसा त्या नाटकातल्या राजालाही चाले. त्या पडद्यांची कारागिरी उत्तम होती, यात शंका नाही. परंतु पडदा स्थळ सांगत असे, त्या स्थळी राहणाऱ्याचा स्वभाव सांगत नसे.

युरोपात याच सुमारास वास्तववादी रंगभूमी आकार घेत होती. आंद्रे आंत्वान यांनी १८८७ मध्ये पॅरिसमध्ये आपले ‘तेआत्र लिब्र’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी एका नाटकात खऱ्या मांसाचे तुकडे रंगमंचावर टांगून खळबळ उडवली. मराठीत तीन भिंतींची, दारे-खिडक्या असलेली खोली उभी करण्याचा आग्रह नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात धरला. नट केशवराव दाते त्या नाटकात होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्यांचा संबंध पुन्हा येणार आहे.

चित्रपटात हा बदल कोल्हापुरात त्याआधीच सुरू झाला होता. बाबूराव पेंटर स्वतः नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. तरीही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांत त्यांनी सपाट पडदे बाजूला सारून लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभे केले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून शहराकडे जावे लागणाऱ्या शेतकऱ्याची कथा आहे, आणि ती त्याच्या झोपडीसकट विश्वासार्ह वाटली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी इतर सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली आणि तिच्या कलादिग्दर्शनाची धुरा फत्तेलाल यांनी वाहिली.

प्रभातच्या १९३७ च्या ‘कुंकू’कडे विद्यार्थ्यांनी या दृष्टीने बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते. नीरा ही तरुण मुलगी फसवणुकीने वृद्ध वकील काकासाहेबांच्या घरात येते आणि तो संसार नाकारते. काकासाहेबांचे काम केशवराव दाते यांनी केले होते. चार वर्षांपूर्वी वास्तववादी रंगमंचावर वावरलेला हा नट आता वस्तूंनी भरलेल्या घरात कॅमेऱ्यासमोर उभा होता. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे घरातले आवाज स्वच्छ ऐकू येतात. त्यातच भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ पुन्हा पुन्हा समोर येते. श्रीमंत वकिलाच्या घरात असे घड्याळ असणारच, म्हणून ते प्रथम खटकत नाही. जागा कोणती, याचे उत्तर तेवढ्याने मिळते. पण जसजसे काकासाहेबांचे सरलेले वय आणि नीरेचे पुढे पडलेले आयुष्य समोरासमोर येते, तसतसे ते घड्याळ त्या माणसाचेच होऊन जाते. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यांतून त्यांना स्वतःची अनेक प्रतिबिंबे दिसतात, तेथेही हेच घडते. दोन्ही वस्तू त्या घरात सहज शोभणाऱ्या आहेत आणि म्हणूनच त्या प्रतीक म्हणून आणून ठेवल्यासारख्या वाटत नाहीत.

विद्यार्थी चित्रपटाच्या परंपरेचा दुसरा धागा मॉस्कोला जातो. तेथे १९१९ मध्ये सरकारी चित्रपटशाळा सुरू झाली आणि कच्च्या फिल्मची टंचाई असल्याने लेव्ह कुलेशोव्ह यांचे विद्यार्थी फिल्मविनाच ‘चित्रपट’ बसवत. एकाच नटाच्या भावहीन चेहऱ्याला सूपची थाळी आणि शवपेटी यांसारखी दृश्ये जोडली की प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर निरनिराळ्या भावना दिसतात, हा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अननुभवी नटांबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून मोठा दिलासा नाही. चेहऱ्याला जे साधत नाही, त्याचा काही भार समोरची वस्तू उचलू शकते.

प्रभात बंद पडल्यावर तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि अशा रीतीने फत्तेलाल यांचे देखावे जेथे उभे राहिले त्याच जागी विद्यार्थी आपल्या भिंती ठोकू लागले. त्या दशकात काही काळ तेथे शिकवणाऱ्या ऋत्विक घटक यांनी १९५८ च्या ‘अजांत्रिक’मध्ये एका खिळखिळ्या मोटारीला थेट पात्राचाच दर्जा दिला होता. त्याआधी १९५५ मध्ये सत्यजित राय आणि त्यांचे कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांच्या ‘पथेर पांचाली’त दुर्गाच्या मृत्यूनंतर तिच्या भावाला, अपूला, तिने लपवलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात फेकून देतो. बहिणीने चोरी केली होती, आणि भावाने ती कायमची झाकली, हे तेथे एकाही शब्दाविना कळते.

आज पुण्यातला विद्यार्थी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरून सामान गोळा करतो, तेव्हा त्याला जुनी वस्तू सहज मिळते. त्या पात्राचीच वाटेल अशी वस्तू मिळायला अधिक शोध लागतो. निवृत्त कारकुनाची खोली म्हणून लोखंडी कपाट, खुर्ची आणि देवांच्या तसबिरी आणल्या, तर पडद्यावर एक कारकून दिसतो, हा कारकून दिसत नाही. त्याऐवजी स्टीलचे एक पातेले घ्यावे, ज्याच्या काठावर यंत्राने टिंबाटिंबांत ‘सप्रेम भेट’ असे कोरलेले आहे आणि खाली देणाऱ्याचे नाव व लग्नाची तारीख आहे. तो एकटा माणूस त्याच पातेल्यात रोज एका कपाचा चहा करतो. नाव अर्धे घासून गेले आहे, बूड काळवंडले आहे आणि पकडीने एका बाजूला पोचा पडला आहे. लग्नाचा विषय कोणी काढलेला नसतानाही ते कोरीव अक्षर कॅमेऱ्याला एकदा जवळून दिसले की पुरते.

अशा निवडीत काळाचे भान सुटून चालत नाही. कालनिर्णय १९७३ पासून निघू लागले. कथा १९६८ ची असेल आणि भिंतीवर ते दिनदर्शिकेचे पान लटकत असेल, तर जाणता प्रेक्षक माणसाकडे पाहायचे सोडून त्या पानाकडेच पाहत राहील. शिवाय दृश्ये क्रमाने चित्रित होत नसल्याने पातेल्याचा पोचा, कपातला चहा आणि उलटलेले पान या सगळ्यांची नोंद प्रत्येक शॉटनंतर वहीत करावी लागते. कथेत दहा वर्षे जाणार असतील, तर एकाच जातीची दोन पातेली आधीच घेऊन ठेवावीत आणि त्यांतले एक चित्रीकरणाच्या कितीतरी दिवस आधीपासून रोज राखेने घासायला सुरुवात करावी.