छताखालची हवा आणि टांगणीचे लोखंड

मराठवाड्याची हवा वर्षातील बहुतेक महिने कोरडी असते, त्यामुळे गंजाची धास्ती कोकणातल्यांनी घ्यावी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. उघड्या हवेपुरता तो बराचसा खराही आहे. पण साखर कारखान्यात ज्या विभागात रस शुद्ध करण्यासाठी गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, तेथे निसटलेला सल्फर डायऑक्साइड आणि वाफ यांच्यामुळे तुळईला टांगलेल्या चेन कप्पीवर आम्लयुक्त ओल धरते. म्हणून शॅकल (खिळीने बंद होणारी U आकाराची कडी), आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) किंवा वायर रोप (पोलादी तारांचा दोर) यांसारखे टांगणीचे सामान निवडताना जिल्ह्याचे हवामान नव्हे, तर त्या एका छताखालची हवा पाहावी लागते.

जस्ताचा मुलामा लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो आणि त्यामुळे बारीक ओरखड्यातही लोखंड वाचते. साहजिकच तो किती काळ टिकेल, हे जाडीवर ठरते. विजेच्या साहाय्याने चढवलेला थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा असतो, तर सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या वस्तूवर तो बहुधा ४५ मायक्रॉनहून अधिक भरतो. गंमत अशी, की पातळ थर गुळगुळीत व चमकदार दिसतो आणि जाड थर करडा, खरबरीत. दुकानात हात मात्र चमकदार नगाकडेच जातो. आम्लाच्या वाफेत दोन्ही थर भराभर संपतात.

मग सरळ स्टेनलेस स्टील घ्यावे, असे वाटते. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो, आणि ३१६ या प्रकारात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो क्लोराइडपुढे, म्हणजे मीठ किंवा क्लोरीनमधून येणाऱ्या क्षारांपुढे, ३०४ या नेहमीच्या प्रकारापेक्षा अधिक तग धरतो. तरीही १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले, ते छत पेलणाऱ्या स्टेनलेसच्या सळया तुटल्यामुळेच. तलावाच्या हवेतले क्लोराइड आणि सततचा ताण एकत्र आले, की धातू फारसा न झिजता आतून तडकत जातो. अशा छतासाठी ३१६ देखील पुरेसा मानत नाहीत. डोक्यावरच्या कामात तांबूस गंज मला म्हणूनच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. तो निदान दिसतो.

ग्रेड ८० च्या, म्हणजे वजन उचलण्यासाठीच्या उच्च ताकदीच्या पोलादी साखळीचे आणखी वेगळे आहे. गंज काढायला ती आम्लात बुडवली, तर हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होते. स्वच्छ दिसणारी साखळी मग नेहमीच्याच वजनाखाली तुटू शकते.

वायर रोप बाहेरून ग्रीसने माखलेला असला, तरी आतल्या गाभ्यात ओल मुरलेली असू शकते. भार उतरवून तो हलकेच वाकवावा. पिळांच्या फटीतून तांबडी पूड गळू लागली, तर वरून एकही तार तुटलेली नसली, तरी तो दोर उतरवावा.