दोउरो खोऱ्यातली विंदिमा आणि पोर्ट वाईन

उत्तर पोर्तुगालमधल्या दोउरो नदीच्या खोऱ्यात सप्टेंबर ते ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी चालते, तिला तिकडे विंदिमा म्हणतात आणि या तोडणीतून जी गोड, कडक वाईन बनते तिला सगळं जग पोर्ट म्हणून ओळखतं. नाव पडलं पोर्तू या बंदराच्या शहरावरून कारण माल तिथून जहाजावर चढायचा, पण द्राक्षं पिकतात शहरापासून साधारण १०० किलोमीटर आत, डोंगरात. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पोर्टबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात व्यापारी, गोदामं, बाटल्यांवरची इंग्रज आडनावं हेच जास्त असतं आणि ज्यांनी डोंगर फोडून बागा उभ्या केल्या त्यांच्याबद्दल फार कमी.

जमीन म्हणावी अशी जमीन इथे मुळात नव्हतीच. सगळा शिस्ट दगड, पाटीसारखे पापुद्रे सुटणारा. तो पहारीने फोडायचा, मोठे तुकडे रचून भिंत घालायची, बारीक चुरा मागे भरायचा आणि त्या चुऱ्यात वेल लावायचा, असं पिढ्यानपिढ्या करत नदीपासून डोंगरमाथ्यापर्यंत पायऱ्या तयार केल्या. भिंती बिनचुन्याच्या, नुसते दगडावर दगड, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या. या पायऱ्यांना सोकाल्कुश म्हणतात. शिस्टला उभ्या भेगा असतात म्हणून वेलाची मुळं खूप खोल जाऊन ओल शोधतात, आणि तेवढ्यावरच वेल उन्हाळा काढतो, कारण पश्चिमेकडचा मारांव डोंगर अटलांटिकवरून येणारे पावसाचे ढग अडवतो आणि आत पारा ४० अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडत राहतो, त्यामुळे घडात साखर भरते. खोऱ्याचे तीन भाग आहेत, खालचा बायशू कोर्गू त्यातल्या त्यात ओलसर, मधला सिमा कोर्गू जिथे पिन्यांव गाव आहे आणि सगळ्यात नावाजलेल्या बागा आहेत, आणि स्पेनच्या हद्दीपर्यंत गेलेला कोरडाठाक दोउरो सुपेरियोर. २००१ साली हा सगळा देखावा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि तो गेला माणसाने घडवलेला भूभाग म्हणून, निसर्गसौंदर्य म्हणून नाही, हे मला फार योग्य वाटतं.

तोडणीला माणसं बाहेरून यायची. डोंगराळ त्राझ-उश-मोंतिश आणि बैरा भागातल्या गरीब गावांतून पुरुष, बायका, पोरं अशी टोळी पायी चालत यायची, तिला रोगा म्हणायचे आणि टोळी जमवून आणणाऱ्याला रोगादोर, म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीला मुकादम असतो तसाच माणूस, मालकाशी बोलणी करणारा आणि सगळ्यांची जबाबदारी घेणारा. बरोबर ढोल, अकॉर्डियन आणि गाणी. कामाची वाटणी ठरलेली होती, बायकांनी घड तोडायचे आणि पुरुषांनी भरलेल्या उंच टोपल्या पाठीवर घेऊन एकामागे एक रांगेने त्या अरुंद पायऱ्यांवरून उतरायचं, एकेका टोपलीत ५० किलोच्या वर द्राक्षं. आता टोपलीच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आलेत, ट्रॅक्टर जाईल तिथपर्यंत जातो, पण चढ इतका उभा आहे की बऱ्याच बागांत आजही घड हातानेच तोडावा लागतो. पिन्यांवच्या रेल्वे स्टेशनवर १९३७ साली बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत, त्यांच्यावर हीच जुनी तोडणी, टोपल्या, होड्या सगळं चितारलंय.

एक गोष्ट नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना वेगळी वाटेल, ती म्हणजे बागेत एकाच जातीची द्राक्षं नसायची. जुन्या बागांत वीस-वीस, तीस-तीस जाती सरमिसळ लावलेल्या असतात आणि सगळ्या एकत्रच तोडून एकत्रच तुडवतात. १९७० नंतर अभ्यास होऊन काही जाती निवडल्या गेल्या, तूरिगा नासिओनाल, तूरिगा फ्रांका, तिंता रोरीझ, तिंता बारोका आणि तिंतू कांव ही त्यातली मुख्य नावं. तूरिगा नासिओनालचे मणी बारीक, उतारा कमी, पण सालीत रंग आणि वास ठासून भरलेला, म्हणून तिचा मान मोठा.

द्राक्षं घरी आली की लागारमध्ये पडतात. लागार म्हणजे ग्रॅनाइटचा चौकोनी, उथळ हौद, मांडीपर्यंत रस येईल एवढा. संध्याकाळी जेवून दिवसभर तोडणी केलेली तीच माणसं पाय धुऊन हौदात उतरायची. पहिले दोन तास कॉर्ते, म्हणजे खांद्याला खांदा लावून ओळीत उभं राहायचं, एकमेकांच्या गळ्यात हात टाकायचे आणि कोणीतरी डावा-उजवा असा ताल देईल तसं गुडघा वर उचलून हळूहळू पुढे सरकायचं, कारण सुरुवातीला द्राक्षांचा थर इतका घट्ट असतो की एकट्याला पायच काढता येत नाही. दोन तास झाले की लिबेर्दादे, म्हणजे मोकळीक, अकॉर्डियन सुरू, मग हौदातच नाच, गप्पा, पोरापोरींची ओळख. लांबून हे फार रम्य दिसतं पण दहा तास उन्हात राबलेल्या माणसाला परत दोन-चार तास थंड रसात उभं राहायला लावणं हे कष्टाचंच काम होतं आणि गाणी होती ती ते कष्ट निभावून न्यायला होती.

पायच का, याला कारण आहे. पोर्टचा रस फक्त दोन-तीन दिवस आंबू देतात, साध्या लाल वाईनला आठवडा-दोन आठवडे मिळतात, त्यामुळे सालीतला रंग आणि तुरटपणा फार लवकर बाहेर काढावा लागतो. लोखंडी यंत्राने जोर लावला तर बिया फुटून कडवटपणा उतरतो, माणसाचा तळवा साल चिरडतो पण बी फोडत नाही, वर पायाच्या उबेने आंबण्याची क्रियाही चांगली सुरू होते. आता बऱ्याच ठिकाणी स्टीलचे लागार आणि पायासारखा दाब देणारे सिलिकॉनचे यांत्रिक पाय आलेत, तरी पोर्ट बनवणारी काही घराणी सगळ्यात चांगला माल अजूनही माणसांकडूनच तुडवून घेतात. गोव्यात काजूची बोंडं दगडात कोरलेल्या, कोळंबी नावाच्या हौदात पायाने तुडवून नीरो, म्हणजे रस, काढायची पद्धत ज्यांनी पाहिलीय त्यांना हे लगेच समजेल. पण पुढची वाट वेगळी होते. गोव्यात आंबलेला नीरो भाटीवर चढतो आणि हुर्राक, फेणी उतरते, दोउरोत उलट बाहेरून आणलेली दारू रसात ओततात.

हा ओतण्याचा क्षण म्हणजे सगळ्या पोर्टचा जीव. रसातली साधारण निम्मी साखर यीस्टने खाल्ली की रस चोथ्यापासून वेगळा काढतात आणि त्यात आग्वार्देंत, म्हणजे द्राक्षाच्या वाईनपासूनच गाळलेली ७७ टक्क्यांची दारू घालतात. मोजमाप ठरलेलं आहे, ४३५ लिटर रसाला साधारण ११५ लिटर, मिळून ५५० लिटरचं एक पिंप, त्याला पीपा म्हणतात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट जगत नाही, आंबणं तिथल्या तिथे थांबतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाईन १९ ते २२ टक्क्यांवर येते. काही तास आधी ओतलं तर पाकासारखी गोड, उशीर झाला तर कोरडी, म्हणून हंगामात तळघरातला माणूस रात्री-अपरात्री उठून साखर मोजत बसतो.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्सचं बिनसलं, फ्रेंच वाईन बंद झाली आणि इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले, १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाईनवरचा कर फ्रेंच वाईनपेक्षा कमी ठेवला आणि मागणी एकदम चढली. समुद्रप्रवासात माल टिकावा म्हणून आधी पिंपात थोडी दारू घालायचे, आंबणं अर्ध्यात तोडायची पद्धत सगळीकडे रुळायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. मागणी वाढली तशी भेसळही आली, रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळायला लागले, भाव कोसळला. तेव्हा पंतप्रधानपदी असलेल्या मार्क्विस पोंबालने १० सप्टेंबर १७५६ ला कंपनी काढली, कुठल्या बागेची वाईन निर्यात होईल ते ठरवलं, हद्दीवर ग्रॅनाइटचे ३०० च्या वर खांब रोवले आणि एल्डरची झाडं उपटायला लावली. जगातल्या सगळ्यात जुन्या हद्द आखलेल्या वाईन प्रदेशांत दोउरो मोडतो, हंगेरीतलं तोकाय आणि इटलीतलं किआंती याआधीचं म्हणून सांगतात, पण नियम, प्रतवारी आणि देखरेख एवढ्या तपशिलात इथेच बसली. त्याची किंमत मात्र साध्या लोकांनी मोजली, १७५७ मध्ये पोर्तूतल्या गुत्तेवाल्यांनी कंपनीविरुद्ध दंगा केला आणि पोंबालने कित्येकांना फाशी दिलं.

१८६० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि बागाच्या बागा वाळल्या. उपाय सापडला तो अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आपल्याकडे नाशिक-सांगलीला डॉगरिज खुंटावर कलम करतात ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, तिकडे मात्र जीव वाचवायला. ज्यांच्याकडे परत लावायला पैसा नव्हता त्यांनी पायऱ्या तशाच सोडल्या, गवत-झुडपांनी भरलेल्या त्या ओसाड पायऱ्यांना मोर्तोरियुश म्हणतात, त्या आजही दिसतात. त्या काळात दोना आंतोनिया फेरेइरा या बाईने संकटातल्या शेतकऱ्यांचा माल घेतला, बागा लावून लोकांना काम दिलं, १८९६ मध्ये ती गेली पण खोऱ्यात तिला अजून मायेने फेरेइरिन्या म्हणतात.

माल खाली जायचा राबेलो होड्यांतून, सपाट तळाची लांब होडी, एकच चौकोनी शीड आणि मागे लांबलचक सुकाणू. नदीला खडक आणि धबधबे होते, सगळ्यात भयानक वालेइराचा, तिथेच १८६१ मध्ये खोऱ्याचा नकाशा बनवणारे आणि भेसळीविरुद्ध लिहिणारे जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाले. त्याच होडीत दोना आंतोनियाही होत्या, त्या वाचल्या, लोक सांगतात की घेरदार स्कर्टमुळे त्या तरंगत राहिल्या. मग रेल्वे आली, १९६० नंतर धरणं झाली आणि राबेलोंचं काम संपलं. पिंपं मुरतात ती पोर्तूसमोरच्या व्हिला नोव्हा दे गायात, समुद्राजवळच्या थंड ओल्या हवेत. पिंपात वर्षानुवर्षं ठेवली की रंग उडून तांबूस टॉनी होते, चांगल्या वर्षाची दोन-तीन वर्षांत बाटलीत भरून पुढे बाटलीतच मुरली तर व्हिंटेज, आणि तरुण, लाल, स्वस्त ती रुबी. १९८६ पर्यंत निर्यात करायची तर माल गायातूनच जायला लागायचा, त्यामुळे खोऱ्यातला छोटा बागायतदार स्वतःच्या नावाने बाहेर विकूच शकत नव्हता.

गोव्यात पोर्ट वाईन म्हणून जी गोड लाल वाईन दुकानादुकानांत मिळते ती पोर्तुगीज काळातल्या चवीची आठवण आहे, पण दोउरोची नाही, द्राक्षं भारतातलीच. दोन्हींची तुलना करून एकीला हिणवायचं काही कारण नाही, फक्त वस्तू वेगळी आहे एवढं माहीत असावं.

दोउरोत आजही दरवर्षी बेनेफिसियू ठरतं, म्हणजे यंदा किती रसाची पोर्ट करायची परवानगी. बागांना उंची, उतार, माती, वेलाचं वय यावर गुण देऊन प्रत ठरवतात आणि त्याप्रमाणे वाटा मिळतो. पोर्टसाठी गेलेल्या द्राक्षाला चांगला भाव, उरलेल्याला कसाबसा. जगात पोर्टचा खप घटतोय, त्यामुळे २०२३ ला १,०४,००० पिंपांचा कोटा २०२४ ला ९०,००० आणि २०२५ ला ७५,००० वर आला. छोट्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे की पोर्टमध्ये घालायची आग्वार्देंत बहुतेक खोऱ्याबाहेरून, स्पेन-फ्रान्समधून येते, ती दोउरोच्याच द्राक्षांची करा, कारण आज पिंपातला पाचवा हिस्सा बाहेरचा असतो आणि त्यांच्या बागेत मात्र घड वेलावरच राहतात.