पाण्यातली पेशी नेमकी कुठली?

फुफ्फुसाभोवती साचलेलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं, की घरच्यांना एकच गोष्ट कळायची असते: कॅन्सर आहे की नाही? आणि रिपोर्ट येतो, ‘अॅटिपिकल (नेहमीपेक्षा वेगळ्या) पेशी दिसतात, निश्चित निदान करता येत नाही.’ तपासणाऱ्यानं हात झटकले असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक वेळा तो प्रामाणिकपणे थांबलेला असतो.

छाती, पोट आणि हृदयाभोवतीच्या पोकळ्यांना आतून मेसोथेलियल पेशींचं एकपदरी अस्तर असतं. एरवी या पेशी चपट्या आणि शांत असतात. यकृताचा सिऱ्होसिस, न्यूमोनिया किंवा फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी अशा कारणांनी पाणी साचलं, की त्या फुगतात आणि सुटून पाण्यात पडतात. केंद्रक मोठं होतं, एकाच पेशीत दोन-तीन केंद्रकं दिसतात, पुंजके तयार होतात. कर्करोगाच्या पेशीचं वर्णनही जवळजवळ हेच. उलट अॅडेनोकार्सिनोमाच्या, म्हणजे ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, काही पेशी इतक्या साळसूद दिसतात, की सरावलेली नजरही फसते.

चेहऱ्यावरून ओळख पटत नसेल तर पेशीतली आणि पेशीवरची प्रथिनं तपासायची. ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी वापरायची आणि ती कुठे चिकटली ते रंगानं पाहायचं, ही इम्युनोस्टेनिंगची कल्पना. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी वापरून दाखवली. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी हवी ती एकच अँटिबॉडी अमाप बनवण्याची रीत शोधली आणि ही तपासणी रोजच्या कामात येऊ शकली.

त्यासाठी पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेल्या पेशींचा गोळा करतात, तो फॉर्मॅलिनमध्ये पक्का करून मेणात बसवतात. हा सेल ब्लॉक. त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप निघतात आणि प्रत्येक कापावर वेगळी अँटिबॉडी लावता येते. काचेवर पसरलेल्या पेशींच्या एकाच थरात, म्हणजे स्मिअरमध्ये, ही सोय नाही.

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहू. अँटिबॉडी चिकटली तिथे तपकिरी, नाहीतर निळं दिसतं. कॅलरेटिनिन या अस्तराच्या पेशींतल्या प्रथिनाची अँटिबॉडी लावलेल्या कापावर सुट्या मेसोथेलियल पेशी केंद्रकासकट तपकिरी झाल्या आहेत, शेजारचा मोठा पुंजका मात्र निळाच राहिला आहे. पुढच्या कापावर क्लॉडिन-४ या कार्सिनोमाच्या पेशींत सापडणाऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लावलीय. तिथे त्याच पुंजक्यातल्या प्रत्येक पेशीभोवती बारीक तपकिरी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि सुट्या पेशी कोऱ्या आहेत. म्हणजे पुंजका अस्तराचा नाही, बाहेरून आलेल्या कार्सिनोमाचा, म्हणजे दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगाचा आहे. मग तो कुठून आला? टीटीएफ-१ या आणखी एका प्रथिनाच्या अँटिबॉडीनं त्याची केंद्रकं रंगली तर संशय फुफ्फुसावर जातो.

एका रंगावर मात्र कधीच विसंबू नये. डब्ल्यूटी-१ हे प्रथिन अस्तराच्या पेशींत दिसतं, तसंच अंडाशयाच्या ‘सिरस’ प्रकारच्या कर्करोगातही. पोटातल्या पाण्यात ते एकटं पाहून ‘अस्तराचीच पेशी’ म्हटलं, तर कर्करोग निसटून जाईल. म्हणून अस्तराच्या आणि कार्सिनोमाच्या, अशा दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन अँटिबॉडी लावतात. अंडाशयाची शंका असेल तर पॅक्स-८ या प्रथिनाची अँटिबॉडीही जोडतात.

अस्तराचाच कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा असेल, तर प्रश्न फार अवघड होतो. पेशी मेसोथेलियल हे ठरलेलंच असतं, ती बिघडली आहे का ते सांगायचं असतं. इथे मला सर्वांत विलक्षण वाटतं ते बॅप-१ हे केंद्रकातलं प्रथिन. निरोगी पेशीचं केंद्रक त्याच्या अँटिबॉडीनं तपकिरी होतं, अनेक मेसोथेलिओमांत ते कोरं राहतं. न दिसलेला रंग हाच पुरावा! म्हणून त्याच कापातल्या लिम्फोसाइटची, म्हणजे निरोगी पांढऱ्या रक्तपेशींची केंद्रकं आधी पाहायची. ती रंगली असतील तरच शेजारच्या कोऱ्या केंद्रकांना अर्थ आहे, नाहीतर तपासणीच फसली असं समजायचं. आणि बॅप-१ शाबूत दिसलं म्हणून मेसोथेलिओमा नाही, असंही म्हणता येत नाही.

हे सगळं करायला पेशी पुरेशा हव्यात. चार थेंबांतून ब्लॉक होत नाही. सुई टोचलेलीच आहे, तर ५० ते ७५ मिली पाणी सायटोलॉजीला (पेशी-तपासणीला) पाठवणं आणि अहवाल पक्का होईपर्यंत उरलेलं फ्रिजमध्ये ठेवणं, एवढं तरी व्हायलाच हवं. पहिल्या स्लाइडवर शंका आली, तर त्याच बाटलीतून ब्लॉक करता येतो. दम लागलेल्या माणसाला पुन्हा पाठीत सुई घ्यावी लागत नाही.