चाळीस डॉलरचा राजा: माइटी स्पॅरोच्या बहिष्कारामागची गोष्ट

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर दरवर्षी कार्निव्हल हा नाचगाण्याचा उत्सव भरतो, आणि कॅलिप्सो म्हणजे तिथली चालू घडामोडींवर टोले मारणारी गाणी. १९५६ च्या कार्निव्हलमध्ये 'कॅलिप्सो किंग'ला, म्हणजे या गाण्यांच्या स्पर्धेतल्या विजेत्याला, रोख ४० डॉलर मिळाले. हे वेस्ट इंडियन डॉलर. तेव्हा एका पौंडाला ४ डॉलर ८० सेंट पडत, म्हणजे ही रक्कम जेमतेम सव्वाआठ पौंड होती. राजा होता वीस वर्षांचा स्लिंगर फ्रान्सिस्को, गाण्यातलं नाव माइटी स्पॅरो. त्याच कार्निव्हलच्या सौंदर्यस्पर्धेत निवडल्या जाणाऱ्या 'राणी'ला मात्र मोटारगाडी आणि हजारो डॉलरची बक्षिसं मिळायची. पुढच्या वर्षी स्पॅरोनं स्पर्धेवर बहिष्कार टाकला. त्याच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना सगळे या बहिष्काराशी थांबतात, आणि थांबायलाच हवं. पण त्याचं श्रेय कुणाचं आणि त्यातून नेमकं काय साधलं, याबद्दल बराच गोंधळ आहे.

त्याचं बालपण थोडक्यात सांगता येतं. जन्म ९ जुलै १९३५, ग्रेनाडा बेटावरच्या ग्रँड रॉय गावी. वर्षाचा असताना घरच्यांबरोबर तो त्रिनिदादला आला. शाळेत आणि कॅथलिक चर्चच्या गायकवृंदात गाणं शिकला, आणि विशीच्या आतच कॅलिप्सोच्या तंबूत उभा राहिला. तंबू म्हणजे कार्निव्हलच्या आधी काही आठवडे चालणारा गायकांचा फड. जुने गायक एका जागी उभे राहून, श्रोत्यांकडे बोट रोखून गात. हा पोरगा सगळ्या रंगमंचावर उड्या मारायचा. ज्येष्ठांनी टिंगल केली की चिमणीसारखा काय नाचतोस, आणि तेच नाव त्यानं घेतलं. आधी 'लिटल', मग 'माइटी'.

१९५६ चं त्याचं गाणं 'जीन अँड डायना' समजायला मागं जावं लागतं ते १९४० पर्यंत. त्या वर्षी ब्रिटननं अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका घेतल्या आणि बदल्यात आपल्या काही वसाहतींमधल्या जागा ९९ वर्षांच्या पट्ट्यानं लष्करी तळांसाठी दिल्या. त्रिनिदादमध्ये शागारामासला आरमारी तळ आणि वॉलर फील्डला विमानतळ झाला. हजारो सैनिक आले, हातात डॉलर खुळखुळू लागले, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर देहविक्रयाचा धंदा वाढला. स्थानिक पुरुषाला या बाजारात किंमत नव्हती. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तळ रोडावले आणि स्पॅरोनं गाणं केलं: आता यांकी गेले, कारभार माझ्या हाती आला, पूर्वी नखरे करणाऱ्या बायका आता मिळेल त्या पैशात राजी होतील.

चाल इतकी पकड घेणारी आहे की अर्थाकडे दुर्लक्ष व्हावं. पण दुर्लक्ष करू नये. साम्राज्याच्या माघारीचा जल्लोष यात आहे हे खरं, तसाच गरजू बाईच्या लाचारीचाही आहे. १९९० च्या दशकात त्रिनिदादमध्येच एक नाटक आलं, त्यात गाण्यातल्या जीन आणि डायनाला वय झालेल्या बायका म्हणून रंगमंचावर आणून त्यांची बाजू बोलायला लावलं. चाळीस वर्षं त्यांच्याबद्दल सगळे गात होते, त्यांना विचारलं कुणीच नव्हतं.

या गाण्यानं स्पॅरोला एकाच वर्षी दोन मान मिळवून दिले, आणि इथंच लोक पहिली गल्लत करतात. 'कॅलिप्सो किंग' हा किताब रविवारी रात्री सव्हाना मैदानावरच्या कार्यक्रमात परीक्षक देत. 'रोड मार्च' हा दुसरा मान. सोमवार-मंगळवारी रस्त्यावरून जाणारी वाद्यपथकं जे गाणं सर्वांत जास्त वेळा वाजवतात त्याला तो मिळतो. पहिला निर्णय समितीचा, दुसरा नाचणाऱ्या गर्दीचा. पहिल्यासाठी नाव द्यावं लागे, मैदानावर हजर राहावं लागे. दुसऱ्यासाठी गाणं लोकांच्या तोंडी असलं की पुरे. हा फरक लक्षात ठेवला नाही, तर बहिष्कार कसा टिकला हे कळतच नाही.

आता त्या रविवारच्या रात्रीबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर एका मोठ्या वृत्तपत्राच्या पुढाकारानं तिथं राणीची निवड सुरू झाली होती. स्पर्धक मुली व्यापारी कंपन्या पुरस्कृत करत, आणि त्या बहुतेक गोऱ्या किंवा गोऱ्याच्या जवळ जाणाऱ्या रंगाच्या असत. मैदानावरचा मुख्य कार्यक्रम तोच. कॅलिप्सोवाले मधल्या वेळेत रंजन करायला. ज्यांच्या गाण्यावर दोन दिवस सगळं शहर नाचायचं, ते त्या रात्री परक्याच्या घरी आल्यासारखे उभे राहत. ४० डॉलर ही नुसती कंजुषी नव्हती. कोण यजमान आणि कोण बोलावलेला हे त्या रकमेतून रोखठोक सांगितलं जात होतं.

१९५७ साली स्पॅरोनं नाव दिलं नाही. तो गप्पही बसला नाही, बहिष्कारावरच कॅलिप्सो रचून तंबूत गायला. ज्याला जायचं त्यानं जावं, मी येणार नाही, राणीला गाडी मिळते पण ती दिसायला सुंदर असण्यापलीकडे कार्निव्हलसाठी करते काय, असा त्याचा मथितार्थ. इथंही बाण लागला तो बाईलाच. बक्षिसांची रक्कम ठरवणारे गाण्यात दिसतात ते अंधुकच. मला हे गाणं न्याय्य वाटतं, पण हा दोष त्यातून वजा करता येत नाही.

सुमारे निम्मे गायक त्याच्या मागं आले, निम्मे आले नाहीत. न आलेल्यांना फितूर म्हणणं सोपं आहे आणि पुष्कळांनी म्हटलंही. पण कॅलिप्सोवाल्याचा हंगाम वर्षातून काही आठवड्यांचा. तेवढ्यात कमावलं ते कमावलं, बाकीचे महिने मिळेल ते काम. स्पॅरो तरुण होता आणि लोक त्याच्या गाण्यासाठी पैसे मोजत होते. बहिष्कार त्याला परवडत होता. त्या वर्षीचा राजा झाला जुन्या पिढीतला, उभ्या-उभ्या कवन रचण्यात ज्याचा हात धरणारं कुणी नव्हतं असा गायक. त्याच्या वयाच्या माणसाकडे पुढच्या वर्षीपर्यंत वाट पाहण्याइतकी उसंत नव्हती.

बहिष्कार तीन वर्षं चालला, १९५७ ते १९५९. आणि तरीही १९५८ चा रोड मार्च स्पॅरोचाच, पगारातून महिन्याच्या महिन्याला प्राप्तिकर कापून घेण्याच्या नव्या पद्धतीवरच्या गाण्यानं. म्हणजे मैदानावरच्या राजाचं नाव वेगळं आणि रस्त्यावर वाजणारं गाणं स्पॅरोचं. समितीची खरी अडचण ही होती. ज्याला वगळून स्पर्धा घ्यायची, त्याच्याच चालीवर दुसऱ्या दिवशी सगळं गाव नाचणार.

याच काळात कार्निव्हलचा कारभार खाजगी मंडळींकडून नव्या सरकारी समितीकडे गेला. स्पॅरो स्वतः याचं श्रेय घेत आला आहे. त्याच्यावरच्या अनेक टिपणांत ही समिती कलावंतांना मदत करणारी संस्था म्हणून सांगितली जाते. ते बरोबर नाही. ती कार्निव्हलच चालवणारी शासकीय यंत्रणा होती. आणि ती आली त्यामागं बहिष्काराइतकीच, माझ्या मते जास्तच, एक दुसरी घटना आहे. सप्टेंबर १९५६ च्या निवडणुकीत वर्षभरही न झालेल्या एका राष्ट्रवादी पक्षानं २४ पैकी १३ जागा जिंकल्या. त्या पक्षाला कार्निव्हल राष्ट्राचा उत्सव म्हणून हवा होता, व्यापाऱ्यांचा आणि वृत्तपत्राचा नव्हे. स्पॅरोनं या विजयावरही गाणं केलं आणि नव्या नेत्याला, एरिक विल्यम्सला, 'विजेता विल्यम' म्हटलं. तेव्हा बहिष्कार घालणारा गायक आणि नवं सरकार एकमेकांसमोर उभे नव्हते, दोघांची ओढ एकाच दिशेला होती. स्पॅरोनं धक्का दिला यात शंका नाही. पण दार आतूनही उघडलं जात होतं.

१९६० साली तो स्पर्धेत परतला आणि किंग व रोड मार्च दोन्ही पुन्हा घेऊन गेला. नंतर १९६२ आणि १९६३ ला राजा. १९६२ च्या गाण्यांत मोडत चाललेल्या वेस्ट इंडीज संघराज्यावर एक आहे. जमैकानं सार्वमत घेऊन अंग काढून घेतल्याचा राग त्यात उघड आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये त्रिनिदाद स्वतंत्र झाला. १९६३ ला त्यानं वसाहतीतल्या शालेय वाचनमालेवर गाणं केलं. त्यातले निरर्थक धडे त्यानं एकामागून एक गाऊन दाखवले आणि वर म्हटलं की हे सगळं डोक्यात शिरलं असतं तर मी मूर्खच झालो असतो. शिक्षणावर इतकी नेमकी टीका मी फार थोड्या गाण्यांत ऐकली आहे.

आपल्याकडे कॅलिप्सो शब्द पोचला तो क्रिकेटमुळे. १९७१ च्या दौऱ्यात गावसकरनं चार कसोटींत ७७४ धावा केल्या, त्यातल्या १२४ आणि २२० पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत, आणि त्यावरचा कॅलिप्सो मुंबईकरांना अजून पाठ आहे. तो स्पॅरोचा नव्हे, नंतरच्या पिढीतल्या लॉर्ड रिलेटरचा. पण पाहुण्या फलंदाजाकडून हरल्याचं गाणं घरच्याच गायकानं करावं, ही मोकळीक तंबूंतली. स्पॅरो आणि त्याचे प्रतिस्पर्धी तिथं एकमेकांच्या रूपावर, घरादारावर, नाकाडोळ्यांवर गाणी रचत आणि श्रोते दोघांनाही टाळ्या देत. याला तिकडे 'पिकाँग' म्हणतात, फ्रेंचमधल्या तिखट-झोंबऱ्या अशा अर्थाच्या शब्दावरून.

सत्तरीत चाली बदलल्या. त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या वस्तीतला ढोलक आणि ताल घेऊन सोका हा कॅलिप्सोतूनच निघालेला नवा प्रकार आकाराला आला. स्पॅरोनं १९७२, ७३ आणि ७४ असा सलग तीनदा किताब घेतला आणि स्पर्धेतून बाजूला झाला. १९७८ साली टोबॅगोत जन्मलेल्या कॅलिप्सो रोझनं तो जिंकला. ती पहिली स्त्री. तिला 'किंग' म्हणायचं कसं, म्हणून किताबाचं नाव 'कॅलिप्सो मोनार्क' झालं. गायकांच्या या स्पर्धेत राणी हा शब्द घेतला गेला नाही, हे मला विशेष वाटतं. कार्निव्हलमध्ये तो शब्द आधीच मोटारगाडीवालीकडे गेलेला होता.

स्पॅरो १९९२ ला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पुन्हा स्पर्धेत उतरला आणि आठव्यांदा जिंकला. रोड मार्चही आठच, शेवटचा १९८४ चा. किताबांच्या यादीत ९२ समोर त्याच्या नावापुढे 'मोनार्क' असं लिहिलेलं आहे.