वृक्षनेचा की सायकस? गुंडाळी बघा, पण कशाची ते बघा

पावसाळा लागला की निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो येतो. जाड बुंधा, वर पानांचा झुपका, मधोमध गुंडाळलेली कोवळी पालवी आणि खाली ओळ: ‘दुर्मीळ वृक्षनेचा सापडला!’ वृक्षनेचा म्हणजे झाडासारखा वाढणारा नेचा, अर्थात फर्न. पण फोटोत मागे सोसायटीच्या वॉचमनची केबिन दिसत असते. तो सायकस असतो. दरवर्षी तोच असतो. त्यातून ओळखायचं ॲपही ‘फर्न’ म्हणालं, की मग समजावणाऱ्याचीच पंचाईत होते.

सायकस मुंबईकराला सांगावा लागत नाही. इमारतीच्या फाटकाशी, बँकेच्या पायरीशी, मंगल कार्यालयाच्या दारात कुंडीत असतो तो. बहुतेक वेळा जपानकडचा सायकस रिव्होल्युटा. नर्सरीवाले त्याला सागो पाम म्हणतात. तो पाम नाही, आणि आपला साबुदाणाही त्याचा नाही. तो टॅपिओकाच्या कंदाचा. सायकसच्या बिया उलट चांगल्याच विषारी असतात. घरात कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

वृक्षनेचा फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडं त्याच्याविषयी. सायथिया जायगँशिया हा आपल्याकडचा मोठा वृक्षनेचा, दक्षिणेकडच्या सह्याद्रीत आणि ईशान्य भारतात ओढ्याकाठच्या ओलीत वाढणारा. पान दोन-तीन मीटर लांब, देठ काळपट. फूल नाही, फळ नाही, बी नाही. सगळा कारभार बीजाणूंवर, म्हणजे धुळीसारख्या बारीक कणांवर. त्याला बारा महिने ओल लागते. मुंबईत चार महिने धो धो पाऊस असला तरी पुढचे आठ महिने टेकडी वाळून जाते. त्यामुळे बोरिवलीच्या जंगलात वृक्षनेचा दिसला असं कुणी म्हणालं, तर मी आधी कोवळ्या पानाचा फोटो मागतो.

खरी गोची त्या कोवळ्या पानातच आहे. ‘गुंडाळलेलं पान म्हणजे नेचा’ हे आपण शाळेच्या वनस्पतिशास्त्रात घोकलेलं असतं. ते खोटं नाही, अर्धवट आहे. गुंडाळी सायकसमध्येही असते. फक्त वेगळंच काहीतरी गुंडाळलेलं असतं.

वृक्षनेच्यात अख्खं पान गुंडाळलेलं असतं. पानाचा मधला दांडाच शेंड्याकडून आत वळत वळत चकलीसारखा बसलेला असतो आणि त्यावर खवल्यांचं दाट आवरण असतं. वाढणारं टोक चकलीच्या पोटात सुरक्षित. पान बुडाकडून उलगडत वर जातं. खालचा भाग ताठ उभा राहिला तरी शेंड्याला वेटोळं शिल्लकच असतं. बाजूच्या फांद्याही तशाच स्वतःभोवती गुंडाळलेल्या असतात, म्हणजे मोठ्या वेटोळ्याच्या आत छोटी वेटोळी.

सायकसमध्ये मधला दांडा सरळ येतो. गुंडाळलेल्या असतात त्या दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या पर्णिका, म्हणजे पानाची छोटी छोटी पाती, प्रत्येक आपापली. लांबून झुपक्यात डोकावलं की नुसती वेटोळी दिसतात आणि माणूस फसतो. जवळ जा, एकच पान निवडा आणि त्याचा दांडा बुडापासून शेंड्यापर्यंत नजरेने चढा. चढताना वाट स्वतःभोवती फिरली तर नेचा. वाट सरळ गेली आणि दोन्हीकडे बारीक बारीक वेटोळी लागली तर सायकस. मला हीच एक खूण पुरते.

पालवी येण्याची रीतही याला दुजोरा देते. सायकसची नवी पानं एकदमच निघतात, पूर्ण कडं एका वेळी, मखमलीसारखी मऊ. काही आठवड्यांत ती कडक होतात आणि टोकं बोचू लागतात. वृक्षनेच्याच्या शेंड्यावर एक पान उघडलेलं, एक अर्धवट, एक अजून बंद, असं बघायला मिळतं.

पालवी नसेल तर पानाची विभागणी मोजा. सायकसचं पान एकदाच विभागलेलं: दांडा आणि त्याला सरळसोट पर्णिका. प्रत्येक पर्णिकेत एकच मधली शीर, बाजूच्या शिरा नाहीतच. वृक्षनेच्याचं पान दांडा, फांद्या, उपफांद्या असं फुटत जातं. (भेर्ली माडाचं पानही दोनदा विभागलेलं असतं, पण त्याच्या माशाच्या शेपटीसारख्या पर्णिका पाहून कुणी नेचा म्हणू नये. म्हणतात, तो भाग वेगळा.)

पानामागचे ठिपके ही आणखी एक फसवणूक. सायकसच्या पानाखाली पांढरट कण दिसले की ‘बीजाणू आलेत’ असं जाहीर होतं. ती बहुधा खवले कीड असते. नखाने खरवडली तर निघते, आणि कशीही पसरलेली असते. नेच्याचे बीजाणूपुंज, म्हणजे बीजाणूंचे ठिपके, शिरांच्या हिशोबाने रांगेत बसतात. खोडाच्या खुणांवर मी फारसा विसंबत नाही, जुन्या झाडात त्या पुसट होतात. काट्यांवर तर अजिबात नाही. सायकसच्या देठाला काटे असतात आणि काही वृक्षनेच्यांच्याही.

ही घोळाघोळ कुंडीतल्या झाडापुरती असती तर सोडून दिलं असतं. पण सह्याद्रीच्या रानात सायकस सर्सिनॅलिस आहे. तो फक्त पश्चिम घाटात सापडतो आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘धोक्यात’ या वर्गात आहे. त्याच्या पर्णिका लांब आणि सपाट असतात, जपानी सायकससारख्या कडेने खाली वळलेल्या नसतात. रानातल्या अशा झाडाची ‘वृक्षनेचा’ म्हणून नोंद झाली, तर नेच्याची नोंद खोटी ठरते आणि सायकसची होतच नाही. दोघांचाही आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित केलेला आहे. वृक्षनेच्याच्या खोडावरच्या मुळांचे ठोकळे ऑर्किड लावायला विकले जायचे. त्याला वाढीचा शेंडा एकच असतो, तो तोडला की झाड गेलं. ऑर्किडला नारळाचा काथ्या, कोळसा छान चालतो, ठोकळा मागूच नका.

तेव्हा फोटो काढाल तर तीन काढा: अख्खं झाड, एका कोवळ्या पानाचा पूर्ण दांडा, आणि जुन्या पानाची मागची बाजू, शेजारी पट्टी ठेवून. वेटोळं ‘नीट दिसावं’ म्हणून हाताने उलगडू नका, ते मोडतं. आणि झाड खरंच रानातलं निघालं, तर जागेचा पिन ग्रुपवर टाकू नका. वन विभागाला कळवा, किंवा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासारख्या) ठिकाणी फोटो घेऊन जा.