मॉर्फिन आधी की लिव्हिंग विल?

पुढे शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर कृत्रिम उपचार नकोत, असं लिहून ठेवलेलं 'लिव्हिंग विल' आज पुण्यात नोटरीसमोर साक्षांकित करता येतं. जानेवारी २०२३ पर्यंत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. साहजिकच सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालाने दिलेला हक्क पाच वर्षं बहुतांशी कागदावरच राहिला.

मरण आपणहून स्वीकारणं मराठी माणसाला परकं नाही. सावरकरांनी १९६६ मध्ये आणि विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं. पण ते दोघे शुद्धीत होते. आयसीयूतल्या माणसाच्या वतीने बोलायचं कोणी?

हा प्रश्न अरुणा शानबाग यांच्यामुळे ऐरणीवर आला. केईएममधल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधीच सावरल्या नाहीत. त्यांना मरण द्यावं यासाठी पत्रकार पिंकी विराणींनी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. मला त्या निकालातला वेगळाच भाग मोलाचा वाटतो. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने इतकी वर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांचं म्हणणं एकच होतं: आम्ही सांभाळतो. मे २०१५ मध्ये अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या.

कोर्टकचेरीपासून दूर, वेदना कमी करण्याचं काम वेगळ्याच वाटेने चाललं होतं. १९८६ मध्ये वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' उभं राहिलं, १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक शुश्रूषेचं, केंद्र. कॅन्सरच्या रुग्णांना तिथे मोफत ठेवून घेतात, सोबत घरचं माणूसही राहू शकतं. अडचण होती तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. नियम सैल करणारी दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. कळा थांबवायच्या नाहीत आणि 'उपचार बंद करायचे का?' असं विचारायचं, हे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

आता उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांची दोन मंडळं घेतात, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. पण लिव्हिंग विल लिहायला आधी आपल्याला काय झालंय ते ठाऊक हवं, इकडे नातेवाईक अजूनही डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठून म्हणतात, "त्यांना काही सांगू नका."